वेगाला लगाम

मोटारींत बसल्यावर वेग आपण डोळ्यांनीं पाहतों: मागें पळणारीं झाडें, वेगदर्शकाचा हलता कांटा. ज्याला यांतलें कांहींच दिसत नाहीं, त्याला वेग कसा कळावा? श्रोतेहो, मोटारीचा वेग एकसारखा राखणारें जें साधन आज आपण वापरतों, तें एका अंध इंजिनिअरच्या बुद्धींतून निघालें.

राल्फ टीटर यांचा जन्म अमेरिकेंतील इंडियाना राज्यांत १८९० सालीं झाला. पांचव्या वर्षीं चाकूच्या अपघातामुळें त्यांची दृष्टि गेली. १९१२ सालीं त्यांनीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची यंत्रशास्त्राची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धांत विनाशिकांच्या वाफेच्या टर्बाइनांचे फिरते भाग समतोल करण्याचें अवघड काम त्यांनीं बोटांच्या स्पर्शावर पार पाडलें.

त्यांचे एक वकील स्नेही गाडी हांकतांना बोलूं लागले कीं वेग मंदावत असे, आणि ऐकूं लागले कीं वाढत असे, असें सांगतात. डोळसाला हें कदाचित् जाणवलेंहि नसतें. टीटर यांना मात्र प्रत्येक हिसका अंगाला लागे. पुढें दुसऱ्या महायुद्धांत रबर वांचविण्यासाठीं ताशीं ३५ मैलांची मर्यादा आली, तेव्हां वेग राखण्याचा प्रश्न साऱ्या देशाचा झाला.

वाफेच्या एंजिनावर गोळ्यांचें नियंत्रक असतें; गति वाढली कीं गोळे फांकतात. टीटर यांनीं तसलेंच नियंत्रक मोटारीला जोडलें. ठरविलेला वेग येतांच पायाखालचें पेडल उलट रेटा देई. कांट्याकडे न पाहतां चालकाला तळपायानेंच वेग कळे. ज्या ज्ञानावर टीटर स्वतः जगत होते, तेंच त्यांनीं डोळसांच्या पायाखालीं ठेवलें.

१९५० सालीं या युक्तीला पेटंट मिळालें आणि १९५८ च्या क्रायस्लर मोटारींत ती बसविली गेली. आजचें क्रूझ कंट्रोल तिचेंच वंशज होय. कांहीं नव्या गाड्यांत रडार पुढील वाहनाचें अंतरहि मोजतें. तथापि निसरड्या रस्त्यावर वा गर्दींत तें वापरूं नये. यंत्र वेग धरील. लक्ष चालकानेंच ठेवावयाचें असतें.

टीटर १९८२ सालीं निवर्तले. त्यांच्या चरित्रांतील एक गोष्ट आईबापांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ज्या मुलाचे डोळे एका हत्यारानें गेले, त्याला घरच्यांनीं हत्यारांपासून दूर ठेवलें नाहीं. घरच्या कारखान्यांत त्याला पूर्वींसारखीच मोकळीक होती.