कर्करोगानंतरची घरगुती मैफल

कर्करोगावरील उपचार संपले, डॉक्टरांनीं शेवटचा कागद हातीं दिला आणि गाडी घराच्या दाराशीं येऊन उभी राहिली, कीं दुखणें सरलें असें आप्तेष्टांना वाटूं लागतें. देवापुढें पेढे ठेवले जातात, शेजारीपाजारी समाचाराला येऊन जातात. परंतु ज्याचें शरीर या दिव्यांतून गेलेलें असतें त्याचा अनुभव निराळा असतो. उपचार चालू असतांना पुढचा दिवस निदान ठरलेला असे. अमुक तारखेला सुई, तमुक तारखेला किरण. तें सर्व संपतांच दिवस एकाएकीं मोकळे होतात, आणि त्या मोकळ्या दिवसांत थकवा, भीति व निरुपयोगीपणाची जाणीव हीं तीन बिऱ्हाडें येऊन राहतात. शस्त्रक्रियेनें रोग काढतां येतो, औषधानें तो मारतां येतो. पण या घराला आपला आतां काय उपयोग, या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही औषधालयांत मिळत नाहीं.

पुष्कळ मराठी घरांत बाजाची एखादी पेटी, तबल्याची जोडी, निदान टाळ तरी असतात. दुखणें घरांत शिरलें कीं सर्वांत आधीं गप्प होते ती ही पेटी. तिच्यावर कापड पडतें, कापडावर औषधांच्या बाटल्या येतात, आणि पुढें केव्हां तरी ती कपाटाच्या माथ्यावर जाते. हें कोणी दुष्टपणानें करीत नाहीं. रुग्णाला त्रास होऊं नये म्हणून मुलें हळू बोलतात, मुलगी आपला रियाज मैत्रिणीकडे जाऊन करते, आणि घरचीं माणसें पायांचा आवाजसुद्धां होऊं देत नाहींत. परंतु ही मायेनें केलेली शांतताच कालांतरानें एक भिंत होऊन बसते. तिच्या एका बाजूला सेवा करणारे आणि दुसऱ्या बाजूला सेवा घेणारा, अशी घराची वांटणी होते. ही भिंत पाडण्याचे जे थोडे मार्ग आहेत, त्यांपैकीं घरच्या मंडळींनीं एकत्र बसून गाणें-वाजविणें हा एक उत्तम मार्ग होय.

येथें एक गोष्ट प्रारंभींच स्पष्ट केली पाहिजे. संगीतानें कर्करोग बरा होत नाहीं. अमुक रागानें गांठ विरघळते असें सांगणारे लोक आढळतात. त्यांच्या बोलण्याला आधार नाहीं, आणि त्यावर विसंबून औषध टाळणें जिवावर बेतूं शकतें. संगीताचें काम दुसरें आहे. वैद्यकीय प्रयोगांचा साकल्यानें आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनें २०२१ सालीं या विषयावरील ८१ प्रयोग एकत्र तपासले. त्यांत ५,५७६ जणांचा समावेश होता. प्रौढ रुग्णांची चिंता, खिन्नता, वेदना व थकवा यांना संगीतानें उतार पडत असावा, असा त्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. यांतील ‘असावा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गोळी खरी कीं खोटी हें रुग्णापासून लपवितां येतें. गाणें लपवितां येत नाहीं. त्यामुळें त्याला वाटलेल्या आरामांत अपेक्षेचा भाग किती आणि संगीताचा किती, हें निवडणें अवघड होऊन बसतें.

ब्रिटनमधील वेल्स या प्रदेशांत टेनोव्हस कॅन्सर केअर या संस्थेचे गायनवृंद आहेत. त्यांतील पांच वृंदांच्या १९३ जणांचा अभ्यास २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ५५ रुग्ण होते, ७२ जण रुग्णांची शुश्रूषा करणारे होते, आणि ६६ जणांनीं आपलें शुश्रूषा केलेलें माणूस या रोगांत गमावलेलें होतें. सत्तर मिनिटें गाण्यापूर्वीं व गाण्यानंतर त्यांची लाळ तपासली, तेव्हां ताणाबरोबर वाढणारें कॉर्टिसॉल हें द्रव्य तिन्ही गटांत कमी झालेलें आढळलें; मनही हलकें झाल्याचें त्यांनीं सांगितलें. ही मोजणी एकाच बैठकीची होती आणि तुलनेसाठीं न गाणारा गट नव्हता, म्हणून तिच्यावर मोठा सिद्धांत उभारतां येणार नाहीं. तथापि घराच्या दृष्टीनें तींत एक बोधक गोष्ट आहे. उशाशीं बसणाऱ्यालाही ताण असतो, आणि त्यालाही गाण्याची गरज असते.

असें कां व्हावें? ओळ म्हणावयाची तर श्वास चटकन् घ्यावा लागतो आणि हळूहळू सोडावा लागतो. असा दीर्घ, मोजका उच्छ्वास चालू असतां हृदयाची गति मंदावते आणि ताठलेले स्नायु सैल होतात. भीतीनें घेतलेला श्वास आंखूड असतो. गाणें त्याला लांब करावयास लावतें. शिवाय ठेका सारखा पुढें चाललेला असतो, म्हणून मनाला मागें रेंगाळतां येत नाहीं. पुढच्या तपासणींत काय निघेल, या विचारालाही समेपर्यंत थांबावें लागतें.

परंतु उपचारांतून आलेलें शरीर पूर्वीचें नसतें, हें घरानें समजून घेतलें पाहिजे. स्तनाच्या शस्त्रक्रियेंत काखेंतील रसग्रंथि काढाव्या लागल्या, तर त्या बाजूचा खांदा आखडतो आणि त्या हाताला सूज येण्याचा संभव राहतो. पेटीचा भाता बहुधा डाव्या हातानें चालवितात. शस्त्रक्रिया डाव्या बाजूची असेल तर आरंभीं भाता मुलानें चालवावा आणि स्वर आईनें काढावे. एका पेटीवर असे दोघांचे हात बसले म्हणजे कोण कोणाची साथ करतो आहे हें सांगतां येत नाहीं, आणि तेंच इष्ट आहे. पुढें जखम भरल्यावर, तज्ज्ञांच्या संमतीनें, भाता पुन्हां आईच्या हातीं जाऊं शकतो.

व्हिंक्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन अशा कांहीं औषधांनीं मज्जातंतु दुखावतात व बोटांचीं टोकें बधिर होतात. बरेंचसें बधिरपण कांहीं महिन्यांत ओसरतें. कांहींच्या बाबतींत त्याचा थोडा अंश मागें उरतो. तबलजीला आपलें बोट शाईवर पडलें कीं किनारीवर, हें स्पर्शानें कळेनासें होतें. अशा वेळीं लय विलंबित ठेवावी, डोळ्यांनीं पाहून वाजवावें, आणि साधा केरवा किंवा दादरा धरावा. सिस्प्लॅटिन या औषधाचा परिणाम कानावर होऊं शकतो. बारीक, उंच स्वर नीट ऐकूं येत नाहींत आणि कानांत गुणगुण राहते. त्या घरांत टाळ-झांजा कांहीं काळ बाजूला ठेवणें बरें.

सर्वांत हळवी जागा गळ्याची. डोकें व मान यांवर किरणोपचार झाले असतील तर लाळ आटते, तोंड कोरडें पडतें, जबडा पुरता उघडत नाहीं. इतर रुग्णांचाही दम अशक्तपणानें तुटतो. पूर्वीं काळी चारच्या पट्टींत सहज गाणाऱ्या गृहिणीचा गळा आतां पांढरी चारलाच थांबत असेल. येथें घराची खरी परीक्षा असते. ‘प्रयत्न कर, जमेल,’ असें म्हणून तिला जुन्या पट्टीकडे ओढणें हें दिसावयास उत्तेजन, पण परिणामीं छळ होय. त्याऐवजीं घरानेंच आपली पट्टी उतरवावी. मुलीला खालच्या स्वरांत गाणें अवघड गेलें तरी तिनें तें गावें. तबला तितका उतरेना तर मोठ्या तोंडाचा आणावा. ओळी आंखूड तोडाव्या आणि जेथें तिचा श्वास संपेल तेथें दुसऱ्यानें ती ओळ उचलावी. शेजारीं पाण्याचा पेला असावा. पट्टी उतरली म्हणून गाणें उणें होत नाहीं. उलट घरांतील चौघांनीं एकासाठीं आपला षड्ज बदलला, हें त्या एकाला न सांगतां कळतें.

तंबाखूमुळें भारतांत तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचें प्रमाण मोठें आहे. कांहींचें स्वरयंत्रच काढून टाकावें लागतें आणि त्यांचा श्वास मानेवरील छिद्रांतून चालतो. अशा माणसानें गाण्याचें नांवही काढूं नये असें वाटेल. परंतु लंडनमध्यें ‘शाउट ॲट कॅन्सर’ या संस्थेनें स्वरयंत्र गमावलेल्या लोकांचाच गायनवृंद उभारला आहे, आणि ते रंगमंचावरून गातात. त्यांचा आवाज खरखरीत असतो. तरी तो त्यांचा असतो. घरांत तेवढें साधलें नाहीं तरी टाळी देणें, खंजिरी धरणें, सम दाखविणें हीं कामें राहतातच. आणि सम चुकली तर सर्वांना थांबविण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, तो मैफलींतील गौण माणूस नव्हे.

कांहीं पथ्यें मात्र कसोशीनें पाळलीं पाहिजेत. किमोथेरपीच्या मात्रेनंतर, साधारणतः सात ते चौदा दिवसांच्या सुमारास, रक्तांतील पांढऱ्या पेशी बऱ्याच घटतात. त्या काळांत सर्दी-खोकला असलेल्यानें मैफलींत बसूं नये, आणि एकाची बांसरी दुसऱ्यानें तोंडाला लावूं नये. रक्त गोठविणाऱ्या पेशी कमी असतां सतारीच्या तारेनें बोट कापून घेणें परवडत नाहीं. अंगांत १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल तर ती वेळ गाण्याची नसून तांतडीनें डॉक्टरांना कळविण्याची होय.

थकव्याविषयीं एक गैरसमज फार आढळतो. हा थकवा श्रमाचा नसतो, म्हणून नुसत्या झोपेनें तो जात नाहीं. आणि उसन्या उत्साहानें त्याला रेटलें तर दुसरा दिवस अंथरुणांत जातो. म्हणून बैठक पंधरा-वीस मिनिटांची असावी, दिवसांतील ज्या वेळीं रुग्णाला हुशारी वाटते ती वेळ धरावी, आणि ‘आणखी एक होऊं द्या’ असें मन म्हणत असतांनाच थांबावें. उपचारांनंतर कित्येकांच्या स्मरणावरही मळभ येतें. शंभर वेळां म्हटलेल्या पदाची दुसरी ओळ आठवत नाहीं. अशा वेळीं घाईनें ओळ सुचवूं नये. ठेका एक आवर्तन तसाच चालूं द्यावा. पुष्कळदां त्या एका आवर्तनांत ओळ परत येते. न आली तर वही समोर असावी, आणि त्याचा कोणी उल्लेखही करूं नये.

घर आणि संगीत यांचा हा संबंध किती खोल जातो, याचें एक अलीकडचें उदाहरण अमेरिकेंतील आहे. लेखिका सुलेका जवाद यांना २०११ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, रक्ताचा कर्करोग झाला. त्या बऱ्या झाल्या. पण दहा वर्षांनीं रोग उलटला, आणि २०२२ च्या फेब्रुवारींत त्यांच्यावर अस्थिमज्जारोपण करावें लागलें. त्यांचे पति जॉन बॅटिस्ट हे नामांकित संगीतकार. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें त्यांना पांच ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. परंतु रुग्णालयांत पत्नीजवळ राहतां येत नसे तेव्हां ते तिच्यासाठीं अंगाईगीतें रचून पाठवीत. औषधांनीं सुलेका यांची दृष्टि धूसर झाली, लिहिणें जमेना, तेव्हां त्यांनीं रंग हातीं घेतले. तो ऐकवी, ती रंगवी, असा दोघांचा संसार रुग्णालयाच्या खोलींतून चालला. २०२३ सालच्या ‘अमेरिकन सिंफनी’ या चित्रपटांत त्या काळाचें चित्रण आहे. पुढें २०२४ सालीं रोग पुन्हां उलटला. अंगाईनें रोग थोपविला नाहीं. थोपवील असें त्या दोघांनीं मानलेंही नव्हतें. पण ज्या दिवसांत ती केवळ एक रुग्ण होऊन गेली असती, त्या दिवसांत ती कोणाची तरी श्रोती होती आणि स्वतः चित्रकार होती.

घरच्या मैफलीचा लाभ नेमका हाच आहे. दुखण्यांत माणसाला सर्व कांहीं मिळत असतें. वेळेवर औषध, मऊ भात, उशाशीं पाणी. त्याला देतां मात्र कांहीं येत नाहीं, आणि हें घेणेंच घेणें फार जड होतें. गाण्याला बसल्यावर त्याला एक जागा मिळते जी त्याच्यावांचून रिकामी राहील. म्हणून त्याच्या प्रत्येक सुरावर दयेची ‘वाहवा’ करूं नये. चुकलें तर चुकलें म्हणावें, जमलें तर मान डोलवावी, जसें दुखण्यापूर्वीं होत असे तसेंच. एखाद्या दिवशीं तो ‘आज नको’ म्हणेल; तो नकार निमूटपणें मानावा. एखादें पद मध्येंच त्याचा कंठ दाटवील. तेव्हां पेटी हलकेच चालू ठेवावी, कोणी सांत्वनाची घाई करूं नये.

आणि ज्या दिवशीं गाणें होत नाहीं त्या दिवशींही पेटी कपाटावर ठेवूं नये. ती त्याच्या हाताशीं असावी. रात्रीं सर्वजण निजल्यावर त्याला एखादा स्वर धरून पाहावासा वाटेल, आणि शेजारच्या खोलींत जागी असलेली मुलगी तो ऐकून सकाळची पट्टी कोणती लावावयाची तें मनाशीं ठरवील.