मिथिल अल्कोहॉल विषबाधा

मिथिल अल्कोहॉल (मेथॅनॉल किंवा काष्ठ स्पिरिट) मिसळलेले मद्य अथवा हा पदार्थ असलेले अन्य मिश्रण पोटात गेल्याने उद्भवणाऱ्या तीव्र विकृतीस मिथिल अल्कोहॉल विषबाधा म्हणतात. भेसळयुक्त दारू पिऊन एकाच वेळी अनेक व्यक्ती दगावल्याच्या ज्या घटना वेळोवेळी घडतात, त्यांपैकी बहुतेकींच्या मुळाशी हीच विषबाधा असते. मूळ पदार्थापेक्षा शरीरात त्याचे जे रूपांतर होते, ते अधिक घातक असते व त्या रूपांतरास काही तास लागतात, हे या विषबाधेचे वैशिष्ट्य होय. या मधल्या काळात पिणारा बेसावध राहतो. परंतु त्याचा जीव व दृष्टी वाचविणे सर्वांत सुकर असते तेही याच काळात.

पदार्थाचे स्वरूप : रॉबर्ट बॉइल यांनी १६६१ मध्ये लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या द्रवातून हा पदार्थ वेगळा केला. १८३४ मध्ये द्यूमा व पेलीगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्याचे रासायनिक संघटन निश्चित केले. पूर्वी तो लाकडापासून मिळवीत, म्हणून त्यास काष्ठ स्पिरिट हे नाव पडले. आता तो मुख्यत्वे नैसर्गिक वायू वा दगडी कोळसा यांपासून मिळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांच्या संयोगाने तयार करतात. फॉर्माल्डिहाइडाची निर्मिती, तसेच रंग, रोगणे, आसंजके (चिकटविणारे पदार्थ) इ. उद्योगांत त्याचा मोठा वापर होतो.

मद्यातील मादक घटक एथिल अल्कोहॉल हा होय. त्याच्या रेणूत कार्बनाचे दोन अणू असतात, तर मिथिल अल्कोहॉलाच्या रेणूत एकच असतो. दोन्ही द्रव रंगहीन असून पाण्यात सर्व प्रमाणांत मिसळतात. त्यांचे उकळबिंदू अनुक्रमे ७८.४° से. व ६४.७° से. असे आहेत. मद्यात मिसळलेले मिथिल अल्कोहॉल रंग, वास किंवा चव यांवरून ओळखता येत नाही. दारू पेटवून ज्योतीच्या रंगावरून ती ‘चांगली’ की ‘वाईट’ हे ठरविण्याची प्रचलित रीतही विश्वसनीय नाही. खात्रीलायक निदान प्रयोगशाळेतच होऊ शकते.

मद्यातील प्रवेश : हातभट्टीवर दारू गाळतानाच विष तयार होते, असा समज आढळतो. गूळ, धान्य, मोहाची फुले इत्यादींचे यीस्टमुळे किण्वन (आंबण्याची क्रिया) होऊन मुख्यत्वे एथिल अल्कोहॉल तयार होते. फळांतील पेक्टिनापासून मिथिल अल्कोहॉलही निर्माण होते. तथापि त्याचे प्रमाण सामान्यतः अल्प असते. सामूहिक विषबाधेच्या बहुतेक घटनांत औद्योगिक मिथिल अल्कोहॉल बाहेरून मिसळलेले वा मद्य म्हणून विकलेले आढळते. ते स्वस्त असते आणि कारखान्यांतून वा वाहतुकीत चोरून मिळविता येते. औद्योगिक वापराचे एथिल अल्कोहॉल पिण्यास अयोग्य व्हावे म्हणून त्यात मिथिल अल्कोहॉल मुद्दाम मिसळण्याची पद्धतही आहे (मिथिलेटेड स्पिरिट). असे स्पिरिट दारू म्हणून विकले गेल्यासही विषबाधा होते. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात (१९२०–३३) औद्योगिक अल्कोहॉल चोरून पेय म्हणून विकले जाऊ लागल्याने शासनाने त्यातील विषारी द्रव्यांचे प्रमाण वाढविले; परंतु लोकांचे पिणे न थांबता मृत्यू मात्र ओढवले.

शरीरावरील परिणाम : मिथिल अल्कोहॉल जठर व आतड्यांतून त्वरित शोषले जाते. यकृतातील अल्कोहॉल डीहायड्रोजनेज या एंझाइमामुळे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणाऱ्या प्रथिनामुळे) त्याचे फॉर्माल्डिहाइडात व पुढे दुसऱ्या एंझाइमामुळे फॉर्मिक अम्लात रूपांतर होते. फॉर्मिक अम्लाचा निचरा फॉलिक अम्लाशी संबंधित विक्रियांवर अवलंबून असून मानवी शरीरात तो मंद गतीने होतो. त्यामुळे हे अम्ल रक्तात साचते, रक्ताची अम्लता वाढते आणि कोशिकांना ऑक्सिजनाचा उपयोग करून घेता येईनासा होतो. डोळ्यातील जालपटल व दृक् तंत्रिका यांना याची झळ विशेष बसते. मेंदूच्या खोल भागातील, हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांनाही इजा होते.

सु. १० मिलि. शुद्ध मिथिल अल्कोहॉलाने कायमचे अंधत्व आल्याची, तर सु. ३० मिलि. प्रमाणाने मृत्यू ओढवल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहेत. व्यक्तीपरत्वे या प्रमाणात बराच फरक पडतो. त्यामुळे ‘थोडीच घेतली होती’ ही समजूत सुरक्षिततेची हमी ठरत नाही.

लक्षणे : प्रारंभी साधी नशा दिसते. त्यानंतर सामान्यतः १२ ते २४ तास विशेष त्रास होत नाही. मिथिलबरोबर एथिल अल्कोहॉलही पोटात गेले असल्यास हा अवधी आणखी लांबतो. पुढे डोकेदुखी, चक्कर, मळमळ, उलट्या व तीव्र पोटदुखी सुरू होते. ही लक्षणे नेहमीच्या मद्यपानानंतरच्या त्रासासारखीच असल्याने रुग्ण व त्याचे नातेवाईक ‘उतरल्यावर बरे वाटेल’ म्हणून थांबतात. दृष्टी धूसर होणे, डोळ्यांपुढे धुके वा पांढरा पडदा आल्यासारखे वाटणे व प्रकाश सहन न होणे ही विशेष सूचक लक्षणे होत. रक्तातील अम्लता वाढल्यावर श्वास जलद व खोल होतो. शेवटी झटके, बेशुद्धी व श्वसनक्रिया बंद पडून मृत्यू संभवतो. वाचलेल्यांपैकी काहींना कायमचे अंधत्व येते, तर काहींमध्ये कंपवातासारखी लक्षणे राहतात.

उपचार : अल्कोहॉल डीहायड्रोजनेज या एंझाइमाचे एथिल अल्कोहॉलाशी असलेले आकर्षण मिथिलच्या मानाने अनेक पटींनी जास्त असते. म्हणून रुग्णालयात नियंत्रित प्रमाणात एथिल अल्कोहॉल दिल्यास मिथिलचे विषारी रूपांतर रोखले जाते. याच एंझाइमास रोखणारे फोमेपिझोल हे औषध अधिक सुरक्षित असून २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश झाला. परंतु ते महाग असून सर्वत्र उपलब्ध नसते. रक्ताची अम्लता कमी करण्यासाठी शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतात. मिथिल अल्कोहॉल व फॉर्मिक अम्ल ही दोन्ही रक्तातून काढून टाकण्यासाठी रक्त अपोहन (डायालिसिस) हा परिणामकारक उपाय आहे. फॉर्मिक अम्लाचा निचरा वाढविण्यासाठी फॉलिनिक वा फॉलिक अम्ल देतात. एथिल अल्कोहॉलाच्या वरील उपयोगावरून घरी आणखी मद्य पाजणे अत्यंत धोक्याचे आहे. फॉर्मिक अम्ल एकदा साचल्यावर केवळ रूपांतर रोखून भागत नाही, म्हणून पहिल्या काही तासांतच रुग्णालय गाठणे महत्त्वाचे असते.

प्रमुख घटना : अमेरिकेतील अटलांटा येथे १९५१ मध्ये भेसळीच्या दारूने ३२३ व्यक्ती बाधित झाल्या व ४१ मरण पावल्या. या रुग्णांच्या अभ्यासातून अम्लता व दृष्टिदोष यांविषयी मोलाची माहिती मिळाली. इटलीत १९८६ मध्ये द्राक्षमद्यात (वाइनमध्ये) मिथिल अल्कोहॉल मिसळल्याने २० हून अधिक मृत्यू झाले. बाटलीबंद मद्यही या धोक्यापासून मुक्त नाही, हे त्यावरून दिसून आले. इराणमध्ये २०२० साली मद्याने कोविड-१९ रोगास प्रतिबंध होतो या अफवेमुळे शेकडो लोक बळी पडले.

भारतात बंगलोर येथे १९८१ मध्ये ३०० हून अधिक, अहमदाबाद येथे २००९ मध्ये १०० हून अधिक, पश्चिम बंगालमधील संग्रामपूर परिसरात २०११ मध्ये १५० हून अधिक आणि तमिळनाडूतील कल्लकुरिची येथे २०२४ मध्ये ६० हून अधिक व्यक्ती विषारी दारूने मरण पावल्या. मुंबईत विक्रोळी येथे २००४ मध्ये ८० हून अधिक, तर मालवणी (मालाड) येथे २०१५ मध्ये १०० हून अधिक बळी गेले. अशा घटनांतील मृतांत रोजंदारीवर काम करणाऱ्या कष्टकऱ्यांचा भरणा मोठा असतो. घरातील मिळवती व्यक्ती गेल्याने वा अंध झाल्याने होणारी कुटुंबाची हानी मृतांच्या आकड्यांतून व्यक्त होत नाही.

प्रतिबंध : विष अधिनियम, १९१९ अन्वये विषारी पदार्थांचा साठा व विक्री यांवर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार राज्यशासनांना आहेत. गुजरात विधानसभेने २००९ च्या घटनेनंतर विषारी दारूमुळे मृत्यू घडविणाऱ्यांस देहदंडाची तरतूद करणारी दुरुस्ती संमत केली. तथापि केवळ शिक्षा कठोर करून हा प्रश्न सुटत नाही. मिथिल अल्कोहॉलाच्या कारखान्यापासून अखेरच्या ग्राहकापर्यंतच्या प्रवासाची काटेकोर नोंद, टाक्यांवर स्पष्ट विषचिन्ह आणि जिल्हा रुग्णालयांत प्रतिविष व अपोहनाची सोय या गोष्टी तितक्याच आवश्यक आहेत.

मद्यपानासंबंधीच्या कायद्याचा धाक व सामाजिक लज्जा यांमुळे अनेकदा रुग्ण काय प्यायला हे लपवून ठेवले जाते व निदानास उशीर होतो. म्हणून वस्तीत एक जरी असा रुग्ण आढळला, तरी त्याच्यासोबत वा त्याच गुत्त्यावर प्यालेल्या इतर सर्वांचा, त्यांना काहीही त्रास होत नसला तरी, तत्काळ शोध घेऊन त्यांना रुग्णालयात हलविणे आवश्यक असते. लक्षणे नसणे हे विष नसल्याचे गमक नव्हे. अशाच व्यक्ती उपचारांनी पूर्ण बऱ्या होण्याची शक्यता सर्वांत अधिक असते.