मातीच्या नमुन्यातील सूत्रकृमींची ओळख

टोमॅटोचे रोप उपटल्यावर मुळांस गाठी दिसल्या, म्हणजे जमिनीत सूत्रकृमी आहेत एवढे बागाईतदारास कळते. परंतु पुढील हंगामात त्या रानात भुईमूग घ्यावा किंवा नाही, हे नुसती गाठ पाहून सांगता येत नाही. ‘मेलॉइडोगाइनी इन्कॉग्निटा’ या जातीची वाढ भुईमुगावर होत नाही. तेथे हा फेरपालट सोयीचा ठरतो. ‘अरेनेरिया’ जातीचा एक वंश मात्र भुईमुगावरही पोसतो व शेंगांसदेखील गाठी आणतो. म्हणून नमुन्यातील जात ठरविणे अगत्याचे होय.

मूठभर मातीत नाना प्रकारचे सूत्रकृमी एकत्र नांदतात. त्यांपैकी पुष्कळसे जिवाणू वा बुरशी खाणारे व पिकास निरुपद्रवी असतात. प्रयोगशाळेत माती पाण्यात कालवून बारीक चाळण्यांतून गाळतात आणि चाळणीवरील गाळ पातळ कागदावर, पाण्यास टेकेल असा ठेवतात. जिवंत कृमी एक-दोन दिवसांत कागदातून पाण्यात उतरतात. (ही युक्ती मूळची अंकुशकृमी शोधण्याची, बेअरमन यांनी ती १९१७ साली मांडली.) नंतर सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम तोंड पाहावयाचे. पिकाचा रस शोषणाऱ्या कृमीच्या तोंडात पोकळ सुई असते व बहुधा तिच्या बुडाशी तीन बारीक गोळ्या असतात. मात्र डोरिलायमिड गटातील कृमींच्या तोंडीही भाल्यासारखे टोक असते. त्यास अशा गोळ्या नसतात, आणि त्यांतील बहुसंख्य पिकाच्या वाटेस जात नाहीत. नवशिक्या तपासनिसाची मोजणी फुगते ती येथेच.

मातीतील गाठी-सूत्रकृमींची पिले जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब व दिसण्यात जवळजवळ सारखी. जातीसाठी गाठीतील फुगीर, पांढरी मादी काढून तिच्या मागील भागावरील वळ्या पाहाव्या लागतात. १९४९ साली चिटवुड यांनी जाती वेगळ्या केल्या त्यांत ही खूण प्रमुख होती. इन्कॉग्निटाच्या वळ्यांची कमान उंच असते, तर ‘जावानिका’च्या दोन्ही बाजूंस ठळक रेषा असतात. एकाच मुळावर दोन जाती असू शकतात. सबब एका मादीवर निर्णय देऊ नये. तमिळनाडूतील पेरूच्या बागांत आढळलेल्या ‘एन्टेरोलोबी’ची तर इन्कॉग्निटाशी गल्लत होते. तेथे डीएनए तपासणीच खात्रीची.

मेलेले कृमी कागदातून उतरत नाहीत. उन्हात वाळलेल्या मातीचा अहवाल निर्दोष आला, तरी जमीन निर्दोष ठरत नाही. यास्तव पाच-दहा ठिकाणची, मुळांलगतची, १५ ते २० सेंटिमीटर खोलीची ओलसर माती थोड्या कोवळ्या मुळांसह प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सावलीतून लवकर पोहोचवावी. नमुना वाळून गेलेल्या झाडाखालचा न घेता पिवळ्या पडू लागलेल्या झाडाखालचा घ्यावा. मेलेल्या मुळांत कृमी फारसे राहत नाहीत.