रायफलच्या नळींतील पीळ

ता. १ ऑगस्ट २०२४ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे श्री. स्वप्निल कुसाळे यांनीं पॅरिस ऑलिंपिकांत पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलें. ते तेव्हां मध्य रेल्वेच्या सेवेंत होते. वरठीसारख्या स्टेशनाच्या गांवीं त्याचें कौतुक अधिक वाटल्यास नवल नाहीं. या स्पर्धेंत दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर रुंदीचें, म्हणजे वाटाण्याहून किंचित मोठें असतें. स्थिर हात व दीर्घ अभ्यास हवाच. परंतु नळीच्या आंत काय असतें, हेंहि विद्यार्थ्यांनीं जाणावें, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहों.

गुळगुळीत नळींतून सुटलेली लांबट गोळी वाऱ्याच्या रेट्यानें कोलांट्या खाऊं लागते. भोंवरा मात्र फिरत आहे तोंवर एका आरेवर उभा राहतो, आणि वेग मंदावतांच लवंडतो, हें मुलांस ठाऊकच आहे. गोळीसहि अशीच गिरकी द्यावी लागते. त्यासाठीं नळीच्या आंत मळसूत्राप्रमाणें वळत गेलेल्या उथळ खांचा पाडतात. शिशाची गोळी नळीच्या पोकळीहून किंचित जाड असते. ती खांचांत रुतते व त्यांच्या वळणानें फिरतच बाहेर पडते.

आतां पीळ किती असावा? मुख्य प्रश्न हाच. गोळी जाडीच्या मानानें जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो. वुलिचचे गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनीं १८७९ सालीं याचा सोपा नियम दिला: जाडीच्या वर्गास १५० नें गुणून लांबीनें भागावें, म्हणजे किती इंचांत एक फेरा व्हावा तें कळतें. स्पर्धेंतील गोळी ०.२२ इंच जाड व सुमारें ०.४५ इंच लांब असते. मुलांनीं पाटीवर करून पाहावें, उत्तर सुमारें १६ इंच येईल. आणि अशा नळ्यांचा पीळहि तितकाच असतो! सेकंदास ३३० मीटर वेगाची गोळी या पिळानें सेकंदांत आठशेंहून अधिक फेरे घेते. पीळ सैल पडला तर गोळी लवंडते. फाजील घट्ट झाला तर तिच्या घडणींतलें बारीकसें व्यंगहि वाढून दिसतें.

१८५७ च्या ज्या काडतुसांविषयीं इतिहासांत वाचतों, तीं अशाच नळीचीं होतीं. १८५३ च्या एनफील्ड रायफलला तीन खांचा असून ७८ इंचांत एक फेरा होता. नळी ३९ इंचांची, म्हणजे आंत गोळीचा अर्धाच फेरा होई. गोळी तोंडाकडून ठांसावयाची असल्यानें तिच्या कागदास चरबी लावीत. तीच चरबी पुढें केवढ्या अनर्थास कारण झाली!

खांचांचा आकारहि महत्त्वाचा आहे. ली-मेटफर्ड रायफलमध्यें सात उथळ, गोलसर खांचा होत्या. काळ्या दारूस त्या चांगल्या होत्या. परंतु कॉर्डाइट नांवाची नवी दारू आली, आणि तिच्या प्रखर उष्णतेनें त्या लवकर झिजून नेम बिघडूं लागला. म्हणून १८९५ सालीं पांच खोल खांचांची नळी घेण्यांत आली. आधुनिक दारू केवढी प्रखर, हें भंडारा जिल्ह्यास निराळें सांगावयास नको. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत २४ जानेवारी २०२५ रोजीं झालेल्या स्फोटांत किमान आठ कामगारांचा अंत झाला. नेमबाजाच्या पदकाची वार्ता घरोघर पोंचते. दारू करणाऱ्यांचीं नांवें अशाच दिवशीं ऐकूं येतात, हें आम्हांस खटकतें.

इतकें गणित करूनहि एकाच कारखान्याच्या दोन नळ्या अगदीं सारख्या निघत नाहींत. म्हणून निपुण नेमबाज निरनिराळ्या घाण्यांचीं काडतुसें आपल्या नळींतून झाडून पाहतात, आणि ज्यांचीं छिद्रें सर्वांत जवळजवळ पडतील, त्याच घाण्याचा सांठा स्पर्धेसाठीं घेऊन ठेवतात.