लढाई वाचणारा तालुका

तोल्स्तोयची ‘वॉर अँड पीस’ वाचायला घेतलेल्या गटात एका जागी वाद पेटतोच. बोरोदिनोच्या लढाईनंतर म्हातारा सेनापती कुतुझोव्ह मॉस्को सोडून देतो. हे शहाणपण की नामुष्की? हा वाद घालायला सुरत जिल्ह्यातल्या बारडोलीसारखी जागा नाही, कारण माघारीचा असाच एक निर्णय इथे झाला. चौरीचौरात जमावाने पोलीस जाळले, आणि १२ फेब्रुवारी १९२२ला काँग्रेस कार्यसमितीने इथेच बसून सत्याग्रह थांबवला. तुरुंगात बसलेले लजपतराय आणि नेहरू चरफडले.

पुढे बरोबर सहा वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच गावात लढा उभा राहिला. सरकारने शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला होता. तो भरायचा नाही असं ठरलं. वल्लभभाई पटेलांनी तालुक्यात छावण्या उभारल्या. भाषा सगळी रणांगणाची, हत्यार मात्र एकही नाही. छापखाना हाच दारूगोळा. प्रकाशनाचं काम जुगतराम दवे यांच्याकडे होतं. रोजची ‘सत्याग्रह पत्रिका’ गावोगाव पोचायची. वाचता येई तो मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे. स्वतःच लढत असलेली लढाई रोज वाचायला मिळणारा असा वाचकवर्ग कुठल्या कादंबरीकाराला लाभला असेल?

त्या लढाईत म्हशींनाही कैद होती. सारा भरला नाही म्हणून जप्तीला येणारे दिसले की नगारा वाजायचा आणि दारं बंद. माणसं आणि जनावरं दिवसच्या दिवस एका छपराखाली कोंडलेली. उन्हाविना म्हशींचा रंग उतरला, तेव्हा त्या आता मडमा झाल्या म्हणून वल्लभभाईंनी थट्टा केली. जप्तीच्या धास्तीत बसलेल्या माणसांना हसवणं सोपं नसतं.

मला महत्त्वाचा वाटतो तो बहिष्काराचा प्रश्न. जप्ती अधिकाऱ्याला साथ द्यायची नाही, हे कबूल. पण त्याचं अन्नपाणीही तोडायचं का? गांधीजींनी नाही म्हणून बजावलं. शत्रूला उपाशी मारून जिंकलेली लढाई त्यांना नको होती. ऑगस्टमध्ये तडजोड झाली. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांच्या चौकशीत ती वाढ सहा टक्क्यांच्या आसपास उतरली. वल्लभभाई ‘सरदार’ झाले ते इथेच.

महादेव देसाईंनी ही हकीकत १९२९मध्ये पुस्तकरूपाने लिहिली. तुमचा गट कुतुझोव्हपाशी अडला, तर तोल्स्तोय चार दिवस मिटून ठेवा आणि हे पुस्तक काढा. जमलं तर बारडोलीच्या स्वराज आश्रमात जाऊन वाचा, आणि वाचताना एकाने मोठ्याने वाचावं.