समस्थानिक

समस्थानिक : ज्यांचा अणुक्रमांक समान, पण अणुभारांक भिन्न असतो अशा एकाच मूलद्रव्याच्या अणूंना परस्परांचे समस्थानिक म्हणतात. अणुक्रमांक म्हणजे अणुकेंद्रातील प्रोटॉनांची संख्या, तर अणुभारांक म्हणजे प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची एकूण संख्या होय. आवर्त सारणीत हे अणू एकाच स्थानी येतात, म्हणून फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये ही संज्ञा वापरली. एका मूलद्रव्याचे सर्व अणू वस्तुमानासह सर्वस्वी सारखे असतात, हे जॉन डाल्टन यांचे गृहीत त्यामुळे मागे पडले.

साम्य व भेद : रासायनिक गुणधर्म इलेक्ट्रॉनांच्या मांडणीवर अवलंबून असतात व ती समस्थानिकांत सारखीच असते, म्हणून त्यांचे रासायनिक वर्तन जवळजवळ एकसारखे असते. हायड्रोजनासारख्या हलक्या मूलद्रव्यात वस्तुमानातील तफावत मोठी असल्याने विक्रियांच्या वेगात फरक जाणवतो. जड मूलद्रव्यांत तो अत्यल्प असतो. अणुकेंद्राच्या स्थैर्यात मात्र मोठा भेद आढळतो. पोटॅशियम (३९) स्थिर आहे, तर पोटॅशियम (४०) किरणोत्सर्गी असून त्याचे अर्धायुष्य सु. १२५ कोटी वर्षे आहे.

सह्याद्रीतील उपयोग : सातारा व सांगली जिल्ह्यांचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टाने व्यापलेला आहे. त्याचे थर दिसण्यात सारखे असल्याने केवळ निरीक्षणाने ते वेगळे ओळखणे कठीण जाते. अशा वेळी स्ट्राँशियमाचे समस्थानिक उपयोगी पडतात. रुबिडियम (८७) च्या क्षयातून स्ट्राँशियम (८७) निर्माण होते; म्हणून रुबिडियमयुक्त प्राचीन कवचात स्ट्राँशियम (८७) व (८६) यांचे गुणोत्तर वाढलेले असते. शिलारस थिजताना स्फटिक या दोहोंत निवड करीत नाहीत. त्यामुळे मूळ शिलारसाचे गुणोत्तर खडकात टिकून राहते. महाबळेश्वर–पोलादपूर मार्गावरील आंबेनळी घाटात खालच्या पोलादपूर शैलसमूहात ते सु. ०·७०५ पेक्षा अधिक, त्यावरील आंबेनळी शैलसमूहात सु. ०·७०४ व माथ्याकडील महाबळेश्वर शैलसमूहात पुन्हा किंचित वाढलेले आढळते. पोलादपूरच्या शिलारसात कवचातील द्रव्य मिसळले होते, आंबेनळीच्या शिलारसात ते फारच थोडे होते, असा याचा अर्थ लावला जातो.

वयमापन : पोटॅशियम (४०) च्या काही अणूंपासून आर्‌गॉन (४०) बनतो व स्फटिकात अडकून राहतो. त्याच्या मापनावरून दख्खनचे मुख्य उद्रेक सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीचे ठरतात. एवढ्या काळात पोटॅशियम (४०) पैकी केवळ सु. ३·६ टक्के अणूंचा क्षय होतो. म्हणून मापन अतिशय सूक्ष्म असावे लागते. जांभ्यासारख्या विदारित खडकातून आर्‌गॉन निसटलेला असल्याने ताजा खडकच निवडावा लागतो. डायनोसॉरांचा विलोपही याच सुमाराचा असल्याने काही लक्ष वर्षांचा फरकही महत्त्वाचा ठरतो. उद्रेक व विलोप यांच्या कार्यकारणसंबंधाविषयी मतभेद आहेत.

कोयना परिसरातील १९६७ च्या भूकंपानंतर चाललेल्या संशोधनात अलीकडे खोल वेधनछिद्रे घेण्यात आली. बेसाल्टाखाली मिळालेल्या पट्टिताश्माचे वय झिर्‌कॉनमधील युरेनियम व शिसे यांच्या समस्थानिकांवरून सु. २७० कोटी वर्षे आले. अशा रीतीने एकाच छिद्रातील दोन लगतच्या खडकांमधील दोनशे कोटींहून अधिक वर्षांचे अंतर समस्थानिकांमुळे उघड झाले आहे.