घरात कोण राहते?

रात्री दिवा मालवला, माणसे निजली, की घरातली दुसरी वस्ती जागी होते. आढ्याला खुडबुड होते. फळीवरचा डबा वाजतो. भिंतीच्या कडेने काहीतरी सरसर पळते. "उंदीर असंल," असे म्हणून आपण कूस बदलतो. सकाळी दुकानातून उंदराचे औषध आणतो, पिठात कालवतो आणि कोपऱ्यात ठेवून मोकळे होतो.

पण खुडबुड करणारा प्रत्येक प्राणी उंदीर नसतो. घरात उंदीर असतो, घूस असते, चिचुंद्री असते, वटवाघूळ असते, कधी उदमांजरही असते. आणि उंदराच्या मागे साप येतो. प्रत्येकाचे खाणे निराळे, येण्याची वाट निराळी, म्हणून उपायही निराळा. दुखणे काय आहे हे न बघता कुणी औषध देते का? तसेच हे आहे. आधी ओळखायचे, मग उपाय करायचा.

आपल्या धर्मापुरीतली जुनी घरे पाहा. केदारेश्वराच्या देवळासारखे घडीव काम आपल्या घरांना कुठले? आपली भिंत दगडमातीची, पण चांगली हात-दोन हात रुंद. वर तुळया, तुळयांवर लाकडे, त्यावर पांढऱ्या मातीचे माळवद. भिंतीत देवळ्या, कोनाडे, कुठे धान्याचे बळद. असे घर उन्हाळ्यात गार राहते, पण त्या भिंतीच्या पोटात पोकळी असते. दगडांमधली माती झडली की बीळ आयतेच तयार. स्लॅबच्या घरात उंदीर येत नाही, असे काहींना वाटते. तेही खरे नाही. मोरीचे तोंड उघडे असते, दाराखाली फट असते. लहान उंदीर तर शिसपेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत येतो.

मग ओळखायचे कसे? प्राणी समोर येऊन नाव सांगत नाही. तो खुणा ठेवून जातो. त्या खुणा वाचायच्या. अक्षर वाचायला शिकलात, तसेच हेही वाचनच आहे.

सगळ्यात सोपी युक्ती राखेची. चुलीतली राख वस्त्रगाळ करा. निजण्याआधी भिंतीच्या कडेने आणि बिळाच्या तोंडाशी तिचा पातळ थर पसरा. सकाळी केर काढण्याआधी कंदील किंवा बॅटरी आडवी धरून बघा. उंदराच्या पुढच्या पायाची चार बोटे उमटतात, मागच्या पायाची पाच. मधून शेपटीची बारीक रेघ गेलेली असते. चिचुंद्रीच्या चारही पायांना पाच-पाच बोटे. मांजराच्या पायाला चार बोटे दिसतात आणि नखे उमटत नाहीत. पायच उमटले नाहीत, नुसती नागमोडी पट्टी दिसली, तर मात्र तिथे हात घालायचा नाही. ती सापाची वाट आहे. शाळेत असताना पोषण आहाराच्या तांदळाची पोती ज्या खोलीत असत, तिथे मी मुलांना अशी राख पसरायला सांगत असे. गणिताच्या तासाला दांडी मारणारी पोरेसुद्धा त्या दिवशी सकाळी घंटेच्या आधी हजर!

दुसरी खूण लेंड्यांची. ओंगळ वाटेल, पण यासारखी पक्की खूण नाही. लहान उंदराची लेंडी जिऱ्याच्या दाण्याएवढी, टोकदार. मोठ्या उंदराची त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब. घुशीची आणखी मोठी आणि जाड. वटवाघळाची लेंडी लहान उंदरासारखीच दिसते. इथेच पुष्कळ जण फसतात. तेव्हा ती काडीने चिरडून पाहावी. वटवाघळाची असेल तर भुगा होतो, आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे दिसतात. उंदराची वाळून टणक होते, तिचा असा भुगा होत नाही. मात्र हात लावायचा नाही आणि कोरडे झाडायचे नाही. आधी पाणी शिंपडावे, नाकातोंडाला फडके बांधावे, मग गोळा करून पुरावे. उंदराच्या मुतातूनही रोग पसरतो. त्याला लेप्टो म्हणतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे तो अंगात शिरतो.

आता एकेकाची ओळख करून घेऊ.

माळवदाच्या तुळईवर राहतो तो काळसर उंदीर. त्याची शेपटी अंगापेक्षा लांब असते, कान मोठे असतात. तो उत्तम चढतो. रोज एकाच वाटेने जातो, म्हणून तुळईवर त्याच्या अंगाचा तेलकट काळा पट्टा उठतो. असा पट्टा दिसला की सापळा तिथेच लावावा. घराच्या मधोमध लावलेला सापळा वाया जातो, कारण उंदीर उघड्यावरून पळत नाही, आडोशाने पळतो.

घूस वर चढत नाही. ती खाली खणते. न्हाणीजवळ, ओट्याखाली, गोठ्याच्या कडेला तिचे बीळ असते आणि तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग असतो. अशा बिळात कुणी राहते की नाही, हे कळायला तोंड ओल्या मातीने लिंपून टाकावे. दुसऱ्या दिवशी ते फोडलेले दिसले, तर घर भरलेले आहे असे समजावे. मोठी घूस किलोच्या आसपास भरते. कोंडीत सापडली तर केस फुलवून गुरगुरते आणि चावते. शेतातल्या घुशीचे बीळ खणले तर आत ज्वारीची कणसे साठवलेली सापडतात. म्हणजे आपले खळे झाले की तिचेही झाले! पण कणसांचे नुकसान भरून निघते. घराचा पाया पोखरला आणि पावसाळ्यात भिंत बसली, तर ते कसे भरून निघणार? घुशीकडे दुर्लक्ष करू नये.

चिचुंद्रीवर मात्र उगाच आळ येतो. तोंड लांबट टोकदार, डोळे बारीक, अंगाला उग्र वास, आणि भिंतीच्या कडेने जाताना चिक्‌ चिक्‌ असा आवाज. दिसायला उंदरासारखी, पण ती उंदराच्या जातीची नव्हेच. उंदराचे पुढचे दात सारखे वाढतात, म्हणून त्याला कुरतडावेच लागते. चिचुंद्रीचे दात बारीक, किडे पकडायचे. ती झुरळे खाते, किडे खाते. कपडे आणि पोती कुरतडणे हे तिचे काम नव्हे. धान्यात कालवलेले औषध ती सहसा खात नाही. तिची पिले आईच्या मागे एकमेकांची शेपटी तोंडात धरून रांगेने चालतात. ज्याने ती आगगाडी पाहिली असेल, त्याचा तिच्यावर हात उचलणार नाही. वासाचा त्रास होत असेल तर मोरीच्या तोंडाला जाळी बसवावी आणि खरकटे रात्री झाकावे. झुरळे गेली की तीही जाते.

वटवाघळे पत्र्याखाली किंवा आढ्याच्या फटीत राहतात. दिवेलागणीला अंगणात बसून वर पाहा. फटीतून एकामागून एक बाहेर पडताना दिसतील. ती डास आणि किडे खातात, म्हणजे आपलेच काम करतात. घरात नको असतील तर ती सगळी बाहेर पडल्यावर फट बुजवावी. आत पिले असतील तर थोडे दिवस थांबावे, नाहीतर पिले आत मरतात आणि घर सडक्या वासाने भरते. वटवाघूळ उघड्या हाताने धरू नये. चावले तर जखम साबणाने धुऊन दवाखाना गाठावा.

छपरावर मांजरापेक्षा जड पाय वाजला आणि सकाळी फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली, तर ते उदमांजर. ते रात्री हिंडते, फळे खाते, उंदीरही खाते. कोंबड्या नीट कोंडल्या तर त्याचा फारसा उपद्रव नाही.

आता नीट लक्ष देऊन वाचा. ही गोष्ट आपल्या बीड जिल्ह्यातलीच आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे गेली. आपल्याकडेही लोक माळवदाखाली निजायला भिऊ लागले. पुढच्या वर्षी, १९९४ च्या पावसाळ्यात, बीडजवळच्या मामला गावात लोकांना पिसवांचा त्रास होऊ लागला. घरांत उंदीर मरून पडू लागले. नंतर माणसांना ताप आला, जांघेत आणि काखेत गाठी उठल्या. तो गाठीचा प्लेग होता. भूकंपानंतर लोक घराबाहेर राहू लागले, धान्य घरात तसेच राहिले आणि उंदीर माजले, असे त्याचे कारण त्या वेळी सांगितले गेले. त्याच सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला आणि लोक शहर सोडून पळाले.

प्लेग उंदरातून माणसात येतो तो पिसवेमुळे. सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत हे शोधून काढले. त्याआधी दोन वर्षे मुंबईत प्लेग आला होता, पण तो माणसात कसा येतो हे तेव्हा नीट कळलेले नव्हते. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते. मग पिसवा त्याला सोडतात आणि दुसरे ऊबदार अंग शोधतात. ते अंग आपले असते. म्हणून एक भेद ध्यानात ठेवा. औषध घातले आणि उंदीर मेला, तर ती नेहमीची गोष्ट. पण औषध घातले नाही, सापळा लावला नाही, तरी उंदीर आपोआप मरून पडू लागले, तर ती धोक्याची खूण. तेव्हा मेलेल्या उंदराला हात लावू नये. शेपटीला धरून उकिरड्यावर फेकू नये. आणखी औषध तर मुळीच घालू नये. जितके उंदीर मरतील तितक्या पिसवा मोकळ्या सुटतील. आधी पिसवा मारायच्या असतात, उंदीर नंतर. ते काम आरोग्य खात्याचे. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच कळवावे. ताप येऊन गाठ उठली तर एक दिवसही घरी काढू नये. प्लेगवर औषधे आहेत आणि वेळेवर घेतली तर माणूस बरा होतो.

राहिला साप. साप स्वतः बीळ खणत नाही. उंदराने, घुशीने खणलेल्या बिळात तो राहतो आणि मालकालाच खातो. घरात कात सापडली तर साप येऊन गेला हे नक्की. धामण लांबलचक असते, पण बिनविषारी. ती उंदरांचा फडशा पाडते. भय आहे ते मण्यारीचे. काळ्या अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे. ती रात्री हिंडते आणि भुईवर निजलेल्या माणसाला चावते. चावलेले दुखत नाही, सुजत नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, बोलता येत नाही. घरचे म्हणतात, "वातूळ काहीतरी खाल्लं आसंल, ओवा द्या." तेवढ्यात वेळ जातो. पावसाळ्यात भुईवर निजलेल्या माणसाला पहाटे असे झाले, तर साप दिसला नाही तरी मण्यारच समजावी आणि १०८ ला फोन करावा. शक्यतो बाजेवर निजावे, मच्छरदाणी लावावी आणि तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात.

कवड्या नावाचा एक बिनविषारी साप आहे. तो पालीच्या मागे भिंतीवर चढतो आणि मण्यारीसारखाच दिसतो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचे उलटे. पण ही परीक्षा लांबूनच करायची. अंधारात जवळ जाऊन पट्टे मोजण्याचे धाडस नको.

साप चावला तर आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि सरकारी दवाखाना गाठा. आपल्याला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच लस चालते. म्हणून साप मारून सोबत नेण्याची गरज नसते. सापांना आणि उदमांजराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षणही आहे.

चावलेला नाही, पण घरात साप दिसला, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा किंवा माहितीतल्या सर्पमित्राला बोलवावे. तोवर पोराबाळांना आणि कुत्र्याला बाहेर काढावे. एका मोठ्या माणसाने चार-पाच हात लांब उभे राहून सापावर नजर ठेवावी. हातात काठी नको, बॅटरी असावी. नजर हलली की साप भिंतीच्या फटीत शिरतो, आणि मग सर्पमित्र येऊनही काही उपयोग होत नाही.